एवं साथी

गिटारला सहा तारा असतात, हे या देशात ज्याला त्याला ठाऊक आहे. गिटारबद्दल तेवढी एकच गोष्ट ठाऊक असते आणि नेमकी तीच मला नडते. माझ्या गिटारला चार तारा आहेत.

"अरेरे! दोन तुटल्या वाटतं," सासरे ते वाद्य पहिल्यांदा पाहून हळहळले.

"नाही हो बाबा, ही बेस गिटार. हिला चारच असतात."

"असं होय! मग थोडी स्वस्त पडली असेल."

ती स्वस्त पडली नव्हती, पण हे बायकोच्या देखत सांगणं शक्य नव्हतं. सासऱ्यांचा तो गैरसमज मी आजतागायत जपून ठेवला आहे. लखनऊच्या एका वाद्यांच्या दुकानात तारा मागायला गेलो तर मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेनं म्हणाले, "हुज़ूर, चार का सेट तो आता नहीं. छह वाला ले जाइए, दो आड़े वक़्त काम आएंगी."

हे वाद्य हौसेनं कुणी निवडत नाही, ते वाटणीला येतं. खडकीला आमच्या वसाहतीतल्या पोरांनी बँड काढला, तेव्हा ज्याच्या घरी प्रॅक्टिस व्हायची त्यानं लीड गिटार घेतली, त्याच्या मावसभावानं दुसरी घेतली, ज्याच्या वडिलांनी ड्रम आणून दिले तो ड्रमर झाला आणि गायला तर सगळेच तयार होते. उरलो मी. "तुझी बोटं लांब आहेत," असं सांगून बेस माझ्या गळ्यात घालण्यात आली. बेसवाल्याच्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक, आणि बहुधा शेवटचं. मोठ्यांचंही याहून वेगळं झालेलं नाही. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्स सोडून गेला, बाकीचे दोघे आपली गिटार खाली ठेवेनात, म्हणून बेस पॉल मॅकार्टनीकडे आली. आमच्यातलं साम्य तिथंच संपतं. ज्यानं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणून हा सगळा घोळ सुरू केला, त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही परंपरा मात्र मी निष्ठेनं पुढे चालवतो आहे.

नोकरी हिशेबतपासणीची. बदली झाली ती खडकी छावणीतून थेट लखनऊ छावणीत. बदलीच्या सामानात गाद्या, पाटावरवंटा आणि बेस असा क्रम होता. तो बायकोनं ठरवला होता. बेसची पिशवी लांब, काळी आणि दिसायला संशयास्पद. ती खांद्याला लावून माणसानं जगात कुठंही फिरावं, फक्त छावणीच्या फाटकातून आत शिरू नये. पहिल्याच आठवड्यात एका जवानानं अडवलं.

"इसमें क्या है?"

"गिटार है."

"बजाकर दिखाइए."

मी रस्त्याच्या कडेला बसून तार छेडली. विजेवाचून या वाद्याचा आवाज मच्छरदाणीबाहेरच्या डासाइतका येतो, आणि मागून एक ट्रक चालला होता.

"आवाज़ तो आ नहीं रही."

"इसको अ‍ॅम्प्लिफायर लगता है."

"वो कहां है?"

"जहां प्रॅक्टिस होती है, वहां."

जवानानं दुसऱ्या जवानाला बोलावलं. "सुनो, साहब कह रहे हैं बाजा यहां है और आवाज़ वहां रखी है." दोघांनी पिशवीत टॉर्च मारली, चारही तारा मोजल्या, आणि घातपात करायला निघालेला माणूस इतकी पडेल सबब सांगणार नाही अशी खात्री पटल्यावर मला सोडून दिलं.

अ‍ॅम्प्लिफायर क्वार्टरमध्ये आणला तेव्हा खरी गंमत सुरू झाली. बेसच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेला सेकंदाला ४१ कंपनं. हवेत त्या सुराची एक लाट सव्वाआठ मीटर लांब होते. सरकारी क्वार्टरची खोली त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे सूर निघतो माझ्या खोलीत, पण पुरा होतो शेजारच्या सुभेदार मेजरसाहेबांच्या घरात. वरचे सूर भिंत थोपवते, खालचे ती खुशाल सोडते. त्यामुळे मला गाणं ऐकू यायचं आणि त्यांना फक्त त्याचा पाया.

एका रात्री साहेब दारात उभे. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण उभे राहिले की अजूनही सावधानच.

"बहनजी, आपके यहां रात को कोई मशीन चलती है? हमारी अलमारी में गिलास हिल रहे हैं."

"फ्रीज है," बायको क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "बहोत पुराना हो गया."

घरात खटारा फ्रीज असणं हे नवरा बेस वाजवतो यापेक्षा कमी लाजिरवाणं, असा तिचा हिशेब. साहेब सज्जन माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीचा मिस्त्री पाठवला. मिस्त्रीनं फ्रीज ओढून बाहेर काढला, गॅस भरला, एक पार्ट बदलला आणि पैसे घेऊन गेला. मी रात्री पुन्हा रियाजाला बसलो, या वेळी आवाज जरा कमी ठेवून. सकाळी साहेब भेटले. "थोड़ा अभी भी है, मगर पहले से काफ़ी बेहतर." माझ्या वादनाला लखनऊत मिळालेली ही पहिली दाद.

"त्यापेक्षा दिलकुशाला जाऊन वाजवा ना," बायकोनं सुचवलं. दिलकुशा कोठी म्हणजे छावणीतलं नबाबी शिकारघर, अठराशे सालानंतर नबाब सआदत अली खानांच्या काळात बांधलेलं. आज नुसते भग्न बुरूज आणि भिंती उभ्या आहेत. "तिथं काही बिघडायचं नाही. जे पडायचं ते आधीच पडलंय."

तारांचा प्रश्न वेगळाच. बेसची सर्वांत जाड तार जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरची. घामानं आणि मळानं ती बद्द वाजायला लागते. नवा संच मुंबई-दिल्लीहून मागवायचा तर किंमत ऐकून आपणच बद्द होतो. यावर जगभरचे गरीब बेसवाले एक उपाय करतात: तारा काढायच्या, पाण्यात चांगल्या उकळायच्या, पुसून परत चढवायच्या. मळ निघतो, आवाज काही दिवस खणखणीत येतो. शास्त्रशुद्ध उपाय आहे. फक्त तो सकाळी, गॅसवर आणि बायकोच्या पातेल्यात करू नये. कामवाल्या बाईंनी झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन हलक्या आवाजात विचारलं, "भाभीजी, भैया की तबीयत ठीक है?"

आता बँड. नावावर एकमत झालं नाही म्हणून त्याला नाव नाही. आमचा ड्रमर बँकेत आहे, कीबोर्डवाला शिकवण्या घेतो, गायकाचं सदर बाजारात दुकान आहे आणि गायिका त्याची वहिनी लागते. सगळे माझ्याहून बरे वाजवतात-गातात. मग मला का घेतलं, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. माझ्याकडे जुनी मारुती व्हॅन आहे, हे त्यांनी पहिल्या भेटीत विचारून घेतलं होतं खरं, पण त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

लखनऊला येऊन संगीतासाठी काही करून दाखवणारा मराठी माणूस म्हटलं की विष्णु नारायण भातखंडे. वाळकेश्वरचे, पेशानं वकील. देशभर हिंडून त्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसवले आणि १९२६ साली लखनऊत मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्या खटपटीनं. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. आता त्याचं विद्यापीठ झालं आहे आणि कैसरबागेत ते भातखंड्यांच्याच नावानं नांदतं आहे. या थोर मालिकेत पुढचं नाव माझं का लागत नाही, हे आमच्या गायकाबरोबर एक संध्याकाळ घालवली की कळतं. तो भातखंडे पद्धतीत रीतसर शिकलेला आहे.

"हा गाना ई मायनरमध्ये आहे," असं मी माझ्या हिंदीत सांगितलं.

"यानी आसावरी थाट," तो म्हणाला. "तो धैवत पर ज़रा आंदोलन दीजिए."

पडद्यांच्या वाद्यावर, त्यातही पावणेतीन मिलिमीटरच्या तारेवर, मी मनगटाची शीर चढेपर्यंत आंदोलन दिलं. ड्रमर वाजवायचा थांबला. "भाई, तार ढीली हो गई क्या?"

त्यात गवय्यांचा आणि काळ्या पट्ट्यांचा घरोबा. बेसच्या मोकळ्या तारा पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. गाणं यातल्या एखाद्या पट्टीत असेल तर मोकळी तार वाजवून डाव्या हाताला घाम पुसायला सवड मिळते. पण गायकाची काळी एक आणि वहिनींची काळी चार. गाणं कुणाचंही असो, घाम माझाच, आणि तो पुसायचा नाही.

ड्रमरची लय ही स्वतंत्र घटना आहे. साधी पलटण मिनिटाला १२० पावलं टाकते आणि रायफल पलटणीची चाल त्याहून जलद, असं सुभेदार मेजरसाहेबांनी मला समजावलं होतं. आमचा ड्रमर एकाच गाण्यात दोन्ही पलटणी काढतो. मुखडा सदर बाजारात चाट खात रमतगमत निघतो आणि शेवटचा अंतरा चारबागला सुटलेली गाडी पकडत असतो.

पण भांडणं व्हावीत तर लखनऊच्या बँडमध्ये. पुण्यात एका वाक्यात भांडण होतं आणि दुसऱ्या वाक्यात बँड मोडतो. इथं सगळं अदबीनं चालतं. "जनाब, दूसरे अंतरे में आप जहां तशरीफ़ ले गए थे, वहां हम में से कोई पहुंच नहीं पाया," असं गायक एकदा म्हणाला. मी त्याचे आभार मानले. आपण अंतराभर भलत्याच पट्टीत वाजवत होतो, हा त्याचा अर्थ मला गोमतीनगरहून छावणीत परत येईपर्यंत लागला नाही.

माझा खरा वैरी मात्र कीबोर्डवाल्याचा डावा हात. उजव्या हातानं तो गाणं वाजवतो आणि डाव्या हाताला काही काम नसलं की खाली खर्जात घुटमळत राहतो, म्हणजे थेट माझ्या शेतात. लग्नाच्या सुपाऱ्या देणारे लोक हिशेबी. माणशी जेवणाचं ताट मोजतात. "ये चौथे भाई क्या करते हैं?" असं विचारतात आणि उत्तर ऐकून म्हणतात, "वो तो इनके बाएं हाथ से भी हो जाएगा ना?" मी जन्मभर लोकांच्या हिशेबातली अनावश्यक पदं कापत आलो. आपणच ते पद असलो म्हणजे कसं वाटतं, याचा अनुभव मला पगाराबाहेर मिळतो.

सर्वांत मानाचा कार्यक्रम एका गणेशोत्सवातला. चौकातले सोन्याचांदीची गलाई करणारे विटा-आटपाडीकडचे लोक, नोकरीनिमित्त आलेले पुणेकर-नागपूरकर आणि छावणीतली फौजी कुटुंबं असा मराठी श्रोता लखनऊत एका मांडवात जमतो तो याच दिवसांत. मी कॉलर ताठ करून गेलो. प्रवेशद्वारावर फ्लेक्स. वर गायकाचा फोटो, शेजारी वहिनींचा, खाली कीबोर्डवाल्याचं नाव, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'एवं साथी'. ड्रमरनं फ्लेक्सवाल्याला आदल्या रात्री फोन करून आपलं नाव वेगळं घालून घेतलं होतं. त्यामुळे 'एवं साथी' या अनेकवचनात शेवटी मी एकटाच उरलो.

साउंडवाला जोडण्या करत होता. "आपका क्या है?"

"बेस."

"बेस मैं दे दूंगा, आप टेंशन मत लीजिए." त्यानं अठरा इंची स्पीकरांच्या भिंतीकडे अभिमानानं पाहिलं.

खूप विनवल्यावर त्यानं मला एक वायर दिली. ती बऱ्यापैकी चालली. मंडळींनी कोळीगीताची फर्माईश केली. गायकाला 'ळ' येत नव्हता, पण लखनऊचा असल्यामुळे तो जबरदस्तीही करत नव्हता. प्रत्येक 'ळ' आला की तो आदरानं थांबून त्याला वाट करून देई. पुढच्या गाण्यात पहिल्या रांगेतलं एक पोर नाचत नाचत वर आलं, माझ्या वायरवर उभं राहिलं आणि जॅक निसटला. मी ते गाणं आणि त्यानंतरचं आणखी एक, चेहऱ्यावर पूर्ण भाव ठेवून, निःशब्द वाजवलं. थांबायचं कसं? साथी तर मी एकटाच. टाळ्या त्या दोन्ही गाण्यांना सर्वांत जास्त पडल्या. साउंडवाल्यानं लांबून अंगठा दाखवला. कार्यक्रमानंतर तो मला म्हणाला, "बीच में आपने बहुत साफ़ बजाया."

बायकोनं सगळ्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आता, मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडणं शक्यच नाही. ड्रम येतात, गाणं येतं, टाळ्या येतात, बेस येत नाही. रात्री खडकीहून आईचा फोन.

"पाहिलं रे. छान हलतोस तू."

"अगं, ते वाजवणं ऐकू येत नाही त्याच्यात."

"असू दे. आवाज आला नाही म्हणून काय झालं? शर्ट चांगला दिसत होता."

आईला पटावं म्हणून मी राहुल राम यांचं उदाहरण दिलं. 'इंडियन ओशन'मध्ये बेस वाजवतात आणि गातात, इथून जवळच्या आयआयटी कानपूरला शिकले, अमेरिकेत कॉर्नेलला जाऊन डॉक्टरेट मिळवली.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग फार काळजीनं म्हणाली, "मग काय झालं रे त्याला?"

असं काही ऐकलं की मी जेट हॅरिसची आठवण काढतो. क्लिफ रिचर्ड हा इंग्लंडचा लाडका गायक १९४० साली जन्मला तो आमच्या लखनऊत. घरचं नाव हॅरी वेब. आठ वर्षांचा होण्याआधी घरचे त्याला घेऊन विलायतेला गेले आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागे उभं राहून बेस वाजवायचा जेट हॅरिस. त्यांच्या साथीदारांच्या बँडचं 'ड्रिफ्टर्स' हे नाव अमेरिकेतल्या दुसऱ्या एका बँडचं निघाल्यामुळे १९५९ साली नवं नाव शोधायची वेळ आली. हॅरिसनं सुचवलं, 'शॅडोज'. आपल्या बँडला कुणी वादळ म्हणतो, कुणी अग्नी म्हणतो. सावल्या म्हणायचं सुचलं ते बेसवाल्याला, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. लग्नाच्या मांडवात आम्ही पंचमदांची गाणी वाजवतो, तेव्हा लोक पंचमदांचं नाव घेतात, किशोरदांचं घेतात, पडद्यावर नाचलेल्या हिरोचंही घेतात. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार सांभाळणारे टोनी वाझ मात्र कुणाला आठवत नाहीत. आम्ही बेसवाले आठवतो. आम्ही मोजके असल्यामुळे त्याचा फार आवाज होत नाही इतकंच.

पण मांडवात बारकाईनं पाहिलं तर आपणच सगळं तोलून धरलंय, असं वाटणारा मी एकटा नव्हतो. जनरेटरवाला म्हणाला, "साहब, डीज़ल हम न डालें तो कैसा गाना, कैसा बजाना." मंडपवाल्याचं मत, खांब त्याचे होते म्हणून कार्यक्रम उभा राहिला. अध्यक्षांनी भाषणात आपला वाटा सांगायला एवढा वेळ घेतला की आमचं एक गाणं कापावं लागलं. प्रसादाचा शिरा ढवळणाऱ्या काकू म्हणत होत्या की लोक खरे येतात ते शिऱ्यासाठी. शिरा खाल्ल्यावर मला त्यांच्या दाव्यात तथ्य वाटलं.

परवाच्या लग्नाला मला जाता आलं नाही. अंगात ताप होता. संध्याकाळभर पांघरुणात पडून मी मनानं तो कार्यक्रम पाहत होतो: पायाच नाही म्हटल्यावर गाणी कशी खचत असतील, गायक कासावीस होऊन माझ्या रिकाम्या जागेकडे कसा बघत असेल, वरपिता कसा विचारत असेल की आज काहीतरी कमी का वाटतंय. या विचारांनी तापसुद्धा थोडा उतरला. रात्री उशिरा ड्रमरला फोन लावला.

"कैसा रहा?"

"ठीक ही रहा. मगर साहब, आज आपकी कमी बहुत खली."

मी उठून बसलो. "सच?"

"क़सम से. सबने कहा. सिंगर साहब तो बार-बार आपका नाम ले रहे थे. पूरा ड्रम सेट और दोनों स्पीकर तीन ई-रिक्शा में लादकर ले गए. एक तो रास्ते में बैठ ही गया."

"और बेस?"

"वो तो बाएं हाथ से हो गया."

फोन ठेवला. बायको औषधाची गोळी आणि पाणी घेऊन उभी होती. "काय म्हणाले? काढलं का तुम्हाला?"

"छे! उलट पुढच्या महिन्यात बाराबंकीला कार्यक्रम आहे. माझ्याशिवाय जमणारच नाही म्हणतात."

तिनं गोळी माझ्या हातावर ठेवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथपर्यंत ई-रिक्षा कोण नेणार?"